अमेरिकेत गाडी भाड्याने घेताय? आधी स्वतःची पॉलिसी काढून वाचा

न्यूअर्क विमानतळ, रात्रीचे साडेदहा. ट्रॉलीवर सहा बॅगा, पेंगुळलेली दोन मुलं, मुंबईहून नुकतेच उतरलेले सासू-सासरे आणि मागे वाढत चाललेली रांग. काउंटरवरचा मुलगा स्क्रीन आमच्याकडे वळवून विचारतो, "फुल कव्हरेज देऊ ना?" अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना हा प्रश्न नवा नाही. काहीजण घाबरून दिसेल त्या चौकोनात सही करतात, काहीजण "आमची स्वतःची पॉलिसी आहे" म्हणून सगळंच नाकारतात. आपण नेमकं काय घेतलं आणि काय सोडलं, हे दोघांनाही धड माहीत नसतं.

मी नाकारणाऱ्यांपैकी होते. त्या सहलीत नायगाराजवळच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये मिनीव्हॅन मागे घेताना माझ्याकडून ती काँक्रीटच्या खांबाला घासली. कुणाला काही लागलं नाही. पण पाच आठवड्यांनी जे बिल आलं, त्याने मला आमची पॉलिसी पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचायला लावली. तेव्हापासून ओळखीतलं कुणी गाडी भाड्याने घेणार म्हटलं, की मी हे सगळं त्यांना सांगते. आज एकदा लिहूनच काढते.

आधी थेट उत्तर. तुमची स्वतःच्या गाडीची पॉलिसी अमेरिकेत भाड्याने घेतलेल्या साध्या प्रवासी गाडीला बहुतेक वेळा लागू होते. पण ती जशी आहे तशीच लागू होते. स्वतःच्या गाडीला जे कव्हरेज आहे ते भाड्याच्या गाडीला मिळतं, जे नाही ते मिळत नाही. डिडक्टिबल, म्हणजे दाव्यात आधी स्वतः भरायचे पैसे, तोच आणि मर्यादाही त्याच. शिवाय भाड्याच्या गाडीचे काही खर्च असे असतात, जे स्वतःच्या गाडीच्या बाबतीत कधी उद्भवतच नाहीत. भुर्दंड बसतो तो तिथेच.

पायरी १ : 'डेक पेज' समोर घ्या

पॉलिसीच्या पहिल्या एक-दोन पानांना डिक्लरेशन्स पेज म्हणतात. एजंट लोक नुसतं 'डेक पेज' म्हणतात. विमा कंपनीच्या अॅपमध्ये ते सापडतं. फोनवर बघण्यापेक्षा छापून घ्या आणि हातात पेन ठेवा.

पहिली ओळ लायबिलिटीची. तुमच्या चुकीमुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर ती भरपाई इथून मिळते. पुढे तीन आकडे असतात. न्यू जर्सीत १ जानेवारी २०२६ पासून स्टँडर्ड पॉलिसीसाठी किमान ३५/७०/२५ ठरलेले आहेत. म्हणजे एका व्यक्तीच्या इजेला ३५ हजार डॉलर, एका अपघातात सगळ्यांच्या इजेला मिळून ७० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीला २५ हजार. कॅलिफोर्नियात २०२५ पासून हेच किमान आकडे ३०/६०/१५ आहेत. हे आकडे तुमच्याबरोबर भाड्याच्या गाडीतही येतात. आता विचार करा, अनोळखी शहरात, सवय नसलेली मोठी गाडी चालवताना तुम्ही सिग्नलला उभ्या असलेल्या महागड्या इलेक्ट्रिक गाडीला मागून धडकलात, तर १५ हजार डॉलर कुठे पुरणार? इस्पितळाच्या बिलाचं तर बोलूच नका.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गाडी कंपनीची, म्हणून दावा कंपनीवर होईल, असं अनेकांना वाटतं. २००५ साली फेडरल कायद्यात ग्रेव्ज दुरुस्ती झाली. केवळ गाडीची मालक आहे एवढ्यावरून भाडे कंपनीला अपघातासाठी जबाबदार धरता येत नाही, असं ती सांगते. कंपनीची स्वतःची चूक नसेल तर दावा येतो गाडी चालवणाऱ्यावर. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की किमान लायबिलिटीवर अमेरिकेत गाडी चालवू नये, भाड्याची तर नाहीच. इजेच्या पहिल्या दोन आकड्यांची मर्यादा १००/३०० पर्यंत वाढवून घ्यायला जे जादा पैसे पडतात, ते प्रीमियमच्या मानाने आपल्याला वाटतात तेवढे नसतात. कोटेशन मागवून बघा.

दुसऱ्या ओळी कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्हच्या. कोलिजन म्हणजे धडक बसून तुम्ही चालवत असलेल्या गाडीचं झालेलं नुकसान. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे चोरी, गारा, आग, झाड पडणं, हरिण आडवं येणं. भाड्याच्या गाडीचं स्वतःचं नुकसान भरून निघतं ते या दोन ओळींमुळे. आपल्याकडची नेहमीची गोष्ट अशी, की बारा वर्षं जुनी कोरोला किंवा कॅमरी असते, गाडीची किंमतच उरलेली नसते, म्हणून प्रीमियम वाचवायला कोलिजन काढून टाकलेलं असतं. त्या गाडीपुरता तो निर्णय शहाणपणाचाच. पण सुट्टीत चाळीस हजार डॉलरची एसयूव्ही भाड्याने घेतलीत, की तिलाही कोलिजन नाही. तिला काही झालं तर सगळे पैसे पदरचे. डेक पेजवर कोलिजनसमोर रेघ किंवा 'नाही' असं दिसलं, तर काउंटरवर काय घ्यायचं याचा निम्मा निर्णय इथेच झाला.

घरात दोन गाड्या असतील आणि एकीला कोलिजन आहे, दुसरीला नाही, तर काय? अनेक पॉलिसींच्या मसुद्यात भाड्याच्या गाडीला त्यातलं अधिक व्यापक कव्हरेज लागू होतं. पण हे गृहीत धरू नका, विचारून घ्या.

तिसरा आकडा डिडक्टिबलचा. पाचशे, हजार, दोन हजार, जो असेल तेवढे पहिले पैसे तुमचे. प्रीमियम कमी ठेवायला मोठा डिडक्टिबल घेतला असेल, तर भाड्याच्या गाडीवरचा छोटासा पोचाही पूर्ण तुमच्या खिशातून जातो.

आणि एक ओळ फसवी आहे. 'रेंटल रीइंबर्समेंट' असं डेक पेजवर दिसतं आणि वाचणारा निश्चिंत होतो. तिचा अर्थ वेगळा आहे. तुमची स्वतःची गाडी अपघातानंतर गॅरेजमध्ये असेल, तर त्या काळात दुसरी गाडी वापरण्याचं भाडं विमा कंपनी एका मर्यादेपर्यंत देते, एवढंच. सहलीसाठी घेतलेल्या गाडीच्या नुकसानीशी तिचा संबंध नाही. या एका ओळीवर विसंबून काउंटरवर सगळं नाकारलेली माणसं मला माहीत आहेत.

राज्याराज्यांत फरक आहे तो असा. न्यूयॉर्कच्या वैयक्तिक पॉलिसींमध्ये भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हरेज कायद्यानेच घालावं लागतं; तुमच्या गाडीला कोलिजन नसलं तरी ते असतं आणि त्यात 'लॉस ऑफ यूज', म्हणजे दुरुस्तीच्या दिवसांचं बुडालेलं भाडंही येतं. मिनेसोटातही पॉलिसीत भाड्याच्या गाडीचं कव्हरेज कायद्याने बंधनकारक आहे, तिथेही लॉस ऑफ यूज धरलेलं आहे. त्यामुळे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली बहीण सांगते ते न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या भावाला लागू होईलच असं नाही. पॉलिसी ज्या राज्यात काढली, तिथले नियम बघायचे.

पायरी २ : पॉलिसीतली भोकं ओळखा

आमचं बिल आलं तेव्हा सासरे अजून इथेच होते. त्यांची सगळी नोकरी बँकेत गेली. जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली त्यांनी तो कागद पसरला आणि पेन्सिलीने एकेका ओळीखाली रेघ मारत मला विचारत गेले, "अगं, हे दुरुस्तीचं समजलं. पण हे नऊ दिवसांचे कसले?"

बिल असं होतं. दुरुस्ती १,८४० डॉलर. लॉस ऑफ यूज, ९ दिवस, रोजचे ४२ प्रमाणे ३७८. प्रशासकीय शुल्क १५०. डिमिनिश्ड व्हॅल्यू ४००. एकूण २,७६८.

लॉस ऑफ यूज म्हणजे गाडी दुरुस्तीला उभी होती, त्या दिवसांचं बुडालेलं भाडं. डिमिनिश्ड व्हॅल्यू म्हणजे अपघात झालेली गाडी म्हणून पुढे विकताना तिची किंमत जी कमी येईल ती. प्रशासकीय शुल्क म्हणजे हा दावा हाताळण्याचा खर्च. स्वतःच्या गाडीचा अपघात झाला, तर हे तीन खर्च तुमच्याकडे कुणी मागत नाही. भाड्याच्या करारात मात्र ते देण्याची जबाबदारी तुम्ही सही करून घेतलेली असते.

आमच्या विमा कंपनीने १,८४० मधून ५०० चा डिडक्टिबल वजा करून १,३४० दिले. बाकी तीन ओळींबाबत त्यांनी हात वर केले. पॉलिसी वाचली तर तसंच लिहिलेलं होतं, त्यांची काही चूक नव्हती. काही पॉलिसींत लॉस ऑफ यूज मिळतो, पण रोजची आणि एकूण अशी छोटी मर्यादा घालून. डिमिनिश्ड व्हॅल्यू तर बहुतेक पॉलिसी सरळ वगळतात. उरलेले १,४२८ डॉलर आमच्या नावावर राहिले. त्यातले बरेच वाचले ते क्रेडिट कार्डामुळे, आणि तेही योगायोगाने. मी पैसे कुठल्या कार्डाने भरले याचा त्या रात्री विचारही केला नव्हता.

पायरी ३ : क्रेडिट कार्डाचं नेमकं बघा

अनेक कार्डांवर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण फुकट असतं. ते दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सेकंडरी म्हणजे आधी तुमच्या पॉलिसीकडे दावा करा, तिने जे दिलं नाही ते कार्ड बघेल. यात डिडक्टिबल परत मिळतो, नियमात बसलं तर लॉस ऑफ यूज आणि प्रशासकीय शुल्कही मिळतं. पण दावा तुमच्या पॉलिसीवर नोंदला जातो, आणि चूक तुमची असेल तर पुढच्या नूतनीकरणात प्रीमियम वाढण्याची शक्यता राहते. स्वतःची पॉलिसीच नसेल तर सेकंडरी संरक्षण साधारणपणे पहिल्या डॉलरपासून लागू होतं.

प्रायमरी म्हणजे भाड्याच्या गाडीच्या नुकसानीसाठी तुमच्या विमा कंपनीकडे जायचीच गरज नाही, थेट कार्डाकडे. चेसच्या सफायर प्रिफर्ड आणि सफायर रिझर्व्ह या कार्डांवर असं प्रायमरी संरक्षण आहे. अमेरिकन एक्सप्रेसमध्ये मुळात मिळतं ते सेकंडरी; पण त्यांची एक वेगळी योजना घेता येते, तिचे पैसे दिवसाला नव्हे तर पूर्ण भाड्याच्या काळाला एकदाच लागतात आणि ती प्रायमरी असते. आठ-दहा दिवसांच्या सहलीला हा हिशेब फार फायद्याचा पडतो. वर्षातून दोनदा-तीनदा गाडी भाड्याने घेत असाल, तर मी प्रायमरीवालं कार्ड घ्याच म्हणेन.

अटी पाळल्या तरच हे मिळतं. भाड्याचा करार कार्डधारकाच्या नावावर हवा. भाडं त्याच कार्डाने भरायला हवं. कंपनीचं नुकसानमाफीचं कलम, म्हणजे सीडीडब्ल्यू किंवा एलडीडब्ल्यू, नाकारलेलं हवं. ते घेतलंत तर कार्डाचं संरक्षण लागू होत नाही. भाड्याच्या दिवसांची मर्यादा असते, काही कार्डांत अमेरिकेत १५ दिवस तर काहींत ३१. ट्रक, मोठ्या पॅसेंजर व्हॅन, मोटारसायकली आणि अतिमहाग गाड्या वगळलेल्या असतात. दोन-तीन कुटुंबांनी मिळून पंधरा सीटची व्हॅन घेतलीत, तर तिला कार्डाचं संरक्षण नाही असंच समजा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कार्ड फक्त तुम्ही घेतलेल्या गाडीचं बघतं. समोरच्याची गाडी, समोरच्या माणसाची इजा यांतलं काहीही त्यात येत नाही. "माझं कार्ड सगळं कव्हर करतं" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि ते खरं नाही.

आमच्या बाबतीत कार्ड सेकंडरी होतं. त्याने डिडक्टिबलचे ५००, लॉस ऑफ यूजचे ३७८ आणि शुल्काचे १५० दिले. मात्र लॉस ऑफ यूजसाठी त्यांनी भाडे कंपनीकडून फ्लीट युटिलायझेशन लॉग मागितला. त्या दिवसांत कंपनीच्या बाकीच्या गाड्या खरोखर भाड्यावर गेलेल्या होत्या का, याची ती नोंद. लॉटमध्ये गाड्या रिकाम्या उभ्या असतील, तर एका गाडीमुळे भाडं बुडालं असं म्हणता येत नाही, हा त्यामागचा विचार. तो लॉग हातात यायला दीड महिना आणि सात-आठ फोन लागले. डिमिनिश्ड व्हॅल्यूचे ४०० आम्ही भरले.

पायरी ४ : सहलीच्या आठवडाभर आधी दोन फोन करा

पहिला तुमच्या विमा कंपनीला किंवा एजंटला. नुसतं "रेंटल कार कव्हर होते का?" विचारलंत तर "हो" असं उत्तर मिळेल आणि तुम्हाला काहीच कळलेलं नसेल. असे प्रश्न विचारा:

– माझं कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह भाड्याच्या गाडीला लागू आहे का, आणि डिडक्टिबल किती?
– गाडी माझ्या गाडीपेक्षा महाग असेल तरी तिची पूर्ण किंमत धरली जाते का?
– लॉस ऑफ यूज, प्रशासकीय शुल्क आणि डिमिनिश्ड व्हॅल्यू यांपैकी काय मिळतं, कुठल्या मर्यादेपर्यंत?
– ऑफिसच्या कामासाठी गाडी घेतली तर?
– किती दिवसांपर्यंतचं भाडं चालतं?
– घरी पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांना भाड्याच्या गाडीत इजा झाली, तर वैद्यकीय खर्चाचं काय?

शेवटचा प्रश्न आपल्या घरांसाठी मुद्दाम. पॉलिसीत 'कुटुंबीय' म्हणजे सहसा त्याच घरात कायम राहणारे नातेवाईक. तीन महिन्यांसाठी आलेले आई-वडील त्यात मोडतील असं धरून चालू नका. त्यांचा व्हिजिटर विमा वेगळा हवाच.

उत्तरं ईमेलवर मागा किंवा अॅपच्या चॅटमध्ये लेखी घ्या. दुसरा फोन कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. त्यांना 'बेनिफिट्स' विभाग द्यायला सांगा आणि 'गाइड टू बेनिफिट्स', म्हणजे कार्डाच्या सोयी आणि अटींची पुस्तिका, मागवा.

कंपनीच्या कामासाठी दर सोमवारी विमान पकडणाऱ्यांनी आपल्या ऑफिसलाही विचारावं. मोठ्या कंपन्यांच्या भाड्याच्या करारांत अनेकदा नुकसानमाफी आणि लायबिलिटी आधीच घातलेली असते, पण ती कामाच्या दिवसांपुरती. शनिवार-रविवार तीच गाडी घेऊन फिरायला गेलात तर ती लागू राहते का, ते विचारा.

पायरी ५ : पॉलिसी कुठे पोचत नाही

बहुतेक अमेरिकन वैयक्तिक पॉलिसींची हद्द म्हणजे अमेरिका, तिचे प्रदेश, पोर्तो रिको आणि कॅनडा. म्हणून नायगाराच्या पलीकडे जाताना पॉलिसी बरोबर येते. विमा कंपनीकडून कॅनडासाठीचं विमा कार्ड मागून घ्या आणि गाडी सीमेपलीकडे न्यायला भाडे कंपनीची परवानगी आहे ना ते करारात बघा. मेक्सिको मात्र हद्दीबाहेर. तिथे मेक्सिकन विमा कंपनीचीच लायबिलिटी लागते. युरोपातही तुमची अमेरिकन पॉलिसी येत नाही.

ट्युरोसारख्या अॅपवरून खासगी मालकाची गाडी घेणं आता सोपं झालंय, पण अनेक पॉलिसी आणि बहुतेक कार्डं ती भाड्याची गाडी मानतच नाहीत. तिथे त्या अॅपचाच प्लॅन घ्या. घर बदलताना घेतलेल्या यू-हॉलच्या ट्रकचंही तसंच, त्यांच्याकडचं संरक्षण घेणं बरं.

आणि रस्ता. अॅरिझोना-यूटाच्या सहलीत मॉन्युमेंट व्हॅलीचा १७ मैलांचा फेरा सगळ्यांना करायचा असतो. तो रस्ता कच्चा आहे. भाड्याच्या अनेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर पैसे भरून घेतलेली नुकसानमाफीही रद्द होते. तिथे स्थानिक नावाहो वाटाड्यांच्या जीपमधून फिरा. पैशाचं सोडा, ती माणसं त्या दगडांबद्दल जे सांगतात ते कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही.

पायरी ६ : स्वतःची गाडीच नसेल तर

न्यूयॉर्क शहरात किंवा शिकागोत राहणारे विद्यार्थी, नुकतेच एच-वन-बीवर आलेले आणि भारतातून भेटीला आलेले, या सगळ्यांकडे अमेरिकन पॉलिसी नसते. इथे मी ठाम सांगते: लायबिलिटीशिवाय चावी हातात घेऊ नका. काउंटरवर तिला सप्लिमेंटल लायबिलिटी म्हणतात, पावतीवर एसएलआय, एलआयएस किंवा एएलआय असं काहीतरी लिहिलेलं असतं. कायद्याने लागणारी अगदी किमान लायबिलिटी गाडीबरोबर येते किंवा येत नाही, ते राज्यावर आणि करारावर अवलंबून असतं. तिच्या भरवशावर राहू नका. वारंवार गाडी घेणाऱ्यांसाठी 'नॉन-ओनर' पॉलिसी मिळते. ती फक्त लायबिलिटीची असते, घेतलेल्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही.

भारतातून येणाऱ्यांना एक चांगला मार्ग आहे. परदेशी रहिवाशांसाठीच्या बुकिंगमध्ये अनेक भाडे कंपन्या एलडीडब्ल्यू आणि जादा लायबिलिटी दरातच धरतात. भारतातूनच, राहण्याचा देश भारत असं निवडून बुकिंग करा आणि दरात काय काय आहे ते छापून आणा. इथल्या भाच्याने आपल्या नावावर बुकिंग केलं तर तो दर मिळत नाही, आणि मामांचं नाव करारात चालक म्हणून नसेल तर त्यांनी गाडीला हात लावणंच धोक्याचं. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओकडून आधीच काढून घ्या. शुल्क एक हजार रुपये, मुदत एक वर्ष.

पुण्याच्या गाडीची पॉलिसी इथे उपयोगाची नाही, हे सांगायला नको. भारतातली मोटार पॉलिसी त्या ठरावीक गाडीची असते आणि तिची हद्द भारत. जादा प्रीमियम भरून नेपाळ, भूतान, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंतच वाढवता येते. म्हणून उलट्या बाजूनेही लक्षात ठेवा. सुट्टीत गोव्याला जाऊन गाडी घेतलीत, तर तुमची अमेरिकन पॉलिसीही तिथे नाही आणि भावाच्या गाडीची पॉलिसीही नाही. त्या भाड्याच्या गाडीची स्वतःची पॉलिसी हाच आधार. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी घ्या. स्वस्तात मिळणारी पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापरासाठी विमा केलेली असते. ती भाड्याने देणं हा पॉलिसीच्या अटींचा भंग आहे आणि अपघात झाला की विमा कंपनीला दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं.

पायरी ७ : काउंटरवर

आता काउंटरवर काय बोलायचं ते तुम्हाला आधीच ठाऊक असेल.

कोलिजन आहे, डिडक्टिबल परवडणारा आहे आणि कार्ड प्रायमरी आहे, तर एलडीडब्ल्यू नाकारा. कोलिजन नाही आणि कार्डही नाही, तर घ्या. मधल्या परिस्थितीत, म्हणजे कोलिजन आहे पण कार्ड नाही, तेव्हा दिवस मोजा. दोन दिवसांच्या बर्फातल्या सहलीला मी घेईन. पंधरा दिवसांच्या कॅलिफोर्निया सहलीला नाही घेणार, कारण एलडीडब्ल्यूची किंमत रोजच्या रोज चढत जाते. एलडीडब्ल्यू हा विमा नसून कंपनीने "नुकसान मागणार नाही" असं दिलेलं वचन आहे. चालकाचं नाव करारात नसणं, दारू पिऊन चालवणं, चावी गाडीत ठेवणं यांनी ते मोडतं.

लायबिलिटी तुमच्या डेक पेजवर भरपूर असेल तर नाकारा. वैयक्तिक अपघात आणि सामानाचा विमा बहुतेकांना लागत नाही. अपघातातला स्वतःचा खर्च आरोग्य विमा किंवा पॉलिसीतलं पीआयपी, म्हणजे स्वतःच्या इजेच्या खर्चाचं कव्हरेज, बघतं, आणि गाडीतून चोरीला गेलेला लॅपटॉप तुमच्या घराच्या किंवा रेंटर्स (भाडेकरूंच्या) विम्यात येतो.

गाडी जो जो चालवणार, त्या प्रत्येकाचं नाव करारात घाला. नवरा-बायकोसाठी अनेक कंपन्या जादा पैसे घेत नाहीत. नाव नसलेल्या माणसाने चालवताना काही झालं, तर एलडीडब्ल्यू जातं आणि कार्डही जातं.

सही करण्याआधी स्क्रीनवर 'स्वीकारले' आणि 'नाकारले' कुठे कुठे आहे ते वाचा. रांग थांबू द्या.

पायरी ८ : गाडी हातात आल्यावर, आणि काही झालं तर

लॉटमधून बाहेर पडण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून व्हिडिओ घ्या. चारही चाकांच्या रिम, पुढची काच, बंपरच्या खालची बाजू, छत, ओडोमीटर. अंधार असेल तर उजेडाखाली गाडी आणा. जुने ओरखडे दिसले तर तिथल्या माणसाकडून करारावर लिहून घ्या. परत देताना पुन्हा तोच व्हिडिओ, त्याच क्रमाने. ऑफिस बंद असताना चावी टाकून निघणार असाल, तर हा व्हिडिओच तुमचा एकमेव साक्षीदार.

अपघात झाला तर आधी माणसं बघा, गरज असेल तर ९११. नंतर फोटो, समोरच्याचा परवाना आणि विमा कार्ड, पोलिस रिपोर्टचा नंबर. जागेवर "चूक माझीच" असं म्हणू नका; तो निर्णय विमा कंपन्या करतात. त्याच दिवशी तिघांना कळवा: भाडे कंपनी, विमा कंपनी, कार्ड. कार्डांना कळवण्याची मुदत ठरलेली असते आणि ती उलटली तर चांगला दावाही बाद होतो.

कागद एका फोल्डरमध्ये ठेवा. सुरुवातीचा आणि शेवटचा करार, कार्डाचं स्टेटमेंट, दुरुस्तीचं तपशीलवार बिल, नुकसानीचे फोटो, विमा कंपनीने काय दिलं त्याचं पत्र, आणि लॉस ऑफ यूज मागितला असेल तर तो लॉग. बिल आलं म्हणून लगेच भरू नका. प्रत्येक ओळीचा आधार लेखी मागा, आणि भाडे कंपनीला कळवा की दावा विमा कंपनीकडे आणि कार्डाकडे चालू आहे. आमच्या फाइलवर सासऱ्यांनी पेन्सिलीने तारखा घातल्या होत्या: कुणाला कधी फोन केला, कोण काय बोललं. कार्डाच्या माणसाने "तुम्ही कधी कळवलंत?" विचारलं, तेव्हा मी तो कागद वाचून दाखवला आणि पुढचा प्रश्न आला नाही.

सगळं मिटल्यावर भाडे कंपनीकडून बाकी शून्य असल्याचं पत्र मागा. आम्हाला ते दुसऱ्यांदा मागितल्यावर मिळालं. चार महिन्यांनी एका वसुली संस्थेकडून त्याच अपघाताच्या दीडशे डॉलरसाठी पत्र आलं, तेव्हा मी त्या शून्य बाकीच्या पत्राची एक प्रत पाठवली आणि त्यांनी प्रकरण बंद केल्याचं आठवड्याभरात कळवलं.